गॅस बंद होता

एसटी सुरू होऊन घरघरत उभी होती. आईनं बांधून दिलेलं भाकरी-चटणीचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं आणि खिडकीखाली उभे राहून आबा मला दहाव्यांदा तेच सांगत होते, "आवाज सांभाळ. आवाज हाय तर पोट भरंल." आबा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला भाव पुकारायचे. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडं आवाज हे एकच औषध होतं.

एवढ्यात गर्दीतून म्हादबा येताना दिसला. हातात सायकल आणि पाय जरासे बाहेर फेकत चालायची ती चाल. मी गाठोडं पोटाशी धरलं. हा आता खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरणार आणि मला बसमधून बाहेर ओढून काढणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्याला तसा हक्कही होता. म्हादबानं सायकल आबांच्या हातात दिली, खिडकीच्या गजांवर दोन्ही कोपरं टेकली आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला,

"घरी जाऊन बघितलं. गॅस बंद होता."

बास. आबांकडून सायकल घेतली आणि गेला. एसटीनं स्टँड सोडलं तेव्हा सगळी माणसं आपापल्या माणसांसाठी डोळे पुसत होती आणि मी एकटा वेड्यासारखा हसत होतो.

शिवाजी पेठेत राहिलेल्यांनो, तुम्हाला यातलं काही समजावून सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, ज्यांची पोरं आता विचारतात की कोल्हापुरात फुटबॉल कुठून आला, त्यांच्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आमच्याकडं फुटबॉल अकरा जण खेळत नाहीत. अकरा जण मैदानात खेळतात आणि उरलेली पेठ गॅलरीत बसून खेळते. तालीम कुस्तीची, पण संघ फुटबॉलचा: आमची खालची तालीम, त्यांची वरची, मध्ये एक गल्ली. त्या गल्लीतून मुलगी देता येत होती, उसनी साखर नेता येत होती, पण सामन्याच्या दिवशी कुत्रंसुद्धा इकडचं तिकडं जात नव्हतं. प्रत्येक तालमीचा एक ओरडणारा असायचा. त्याला जर्सी नसते, त्याचा फोटो पेपरात येत नाही, पण तो गॅलरीत येऊन बसला नाही तर सामना सुरू झाल्यासारखा वाटत नाही. खालच्या तालमीचा तो मान माझ्याकडं होता. पेठ मला बोंबल्या म्हणायची. या कामाचे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण कडक होते. आईबहिणीवर जायचं नाही, जातीवर जायचं नाही, समोरचा खेळाडू दुखापत होऊन पडला की तोंड मिटायचं. बाकी रान मोकळं.

आणि माझं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे वरच्या तालमीचा सेंटर फॉरवर्ड म्हादबा. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. त्याच्यासारखा खेळाडू पेठेनं त्याच्या आधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही, हे मी आज लिहितोय. तेव्हा लिहिलं असतं तर आमच्याच पोरांनी माझे पाय मोडले असते. म्हादबाची पेनल्टी कधी चुकत नसे. मारायच्या आधी तो खाली बसायचा, बुटाची लेस सोडायचा, पुन्हा बांधायचा, मोजे वर ओढायचा. मी ओरडायचो, "म्हादबाऽऽ, बॉलला हळदकुंकू लाव की! मुहूर्त टळाय लागलाय!" तो शांतपणे गोल मारायचा, मग आमच्या गॅलरीकडं वळायचा आणि कानामागं हात धरायचा. बोल म्हणायचा, आता बोल. आमची सगळी गॅलरी गप्प. असं किती वर्षं चाललं.

मग आली ती फायनल. आम्ही एका गोलनं पुढं, शेवटची दोन मिनिटं आणि त्यांना पेनल्टी. म्हादबानं लेस सोडली. हळदकुंकू, मुहूर्त, सगळी हत्यारं वापरून बोथट झालेली. तेवढ्यात शेजारी बसलेला माझा दोस्त विलास कानात म्हणाला, "त्याच्या घरात कालच गॅस आलाय." विलास शिंपी होता. दोन्ही तालमींच्या जर्स्या तोच शिवायचा, त्यामुळं कुणाच्या घरात काय आलं आणि काय गेलं हे सगळं त्याला आधी कळायचं.

गॅस तेव्हा असा तसा येत नव्हता. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हादबाच्या घरी शेगडी बघायला निम्मी गल्ली येऊन गेली होती, आणि वैनी तिला इतक्या घाबरत होत्या म्हणे, की काडी लांबूनच फेकत होत्या.

म्हादबा पळत सुटला आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "म्हादबाऽऽ! वैनी बोलवायल्यात! गॅस चालू राहिलाय!"

त्याचा पाय हवेत असताना मान आमच्याकडं वळली. बॉल गोलपोस्टवरून, गॅलरीवरून, भिंतीवरून बाहेर रस्त्यावर गेला आणि केळ्यांच्या गाड्यावर पडला. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेऊन नाचवलं. वरच्या तालमीनं मात्र पुढचे पंधरा दिवस मला त्या गल्लीतून जाऊ दिलं नाही. दोन महिन्यांनी मला गुजरातेत जामनगरची नोकरी लागली आणि मग स्टँडवर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आता जामनगर. तिथल्या कुणाही माणसाबद्दल माझी तक्रार नाही, माणसं देवासारखी आहेत, पण देव इतक्या हळू का बोलतात? पितळी सुट्या भागांचा कारखाना, मी सुपरवायझर. पहिल्याच दिवशी मी एका कारागिराला नुसतं नावानं बोलावलं तर तीन लेथ बंद पडल्या आणि शेठ ऑफिसातून पळत आले. काय झालं, कुणाचा हात गेला? काही नाही शेठ, त्याला बोलावलं. शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शांतिथी, भाई. शांतिथी." शांतिथी म्हणजे सावकाश, हळू. हा शब्द मी पुढं रोज ऐकला. भाजीवाल्याशी बोलताना, फोनवर बोलताना, एकदा तर देवळात आरती म्हणताना. खोलीवर आलो तर डाळ गोड, भाजी गोड, कढी गोड. गुळाच्या सौद्यात भाव पुकारणाऱ्याच्या पोराला गुळानंच रडवलं. क्रिकेट सगळ्यांना येत होतं. फुटबॉल म्हटल्यावर शेजारच्यानं विचारलं, ए तो बंगाली लोको रमे ने? ते तर बंगाली लोक खेळतात ना?

पुढच्या वर्षी लग्न झालं. सुमन गडहिंग्लजची, घरात थोडं कानडी, थोडं मराठी बोलणारी. तिच्या माहेरी माझ्या आवाजाची चौकशी झाली होती, ऐकू कमी येतं की काय म्हणून. जामनगरात वर्षभरात तीच मला म्हणायला लागली, "अहो, जरा मोठ्यानं बोला की, काय पुटपुटताय?" मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. कोल्हापुरात आई म्हणायची, हळू बोल रे, भिंती पडतील. जामनगरच्या भिंती अजून ठणठणीत उभ्या आहेत.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. विलासचं पत्र यायचं, दोन पानं गल्लीतल्या भानगडी, आणि सगळ्यात खाली: म्हादबानं सांगितलंय, गॅस बंद होता. मी सुट्टीला जायचो तेव्हा रस्त्यात कुठंही गाठून तो तेवढंच बोलायचा आणि पुढं जायचा. आबा गेले तेव्हा तेराव्याला आला, माझ्या शेजारी मांडी घालून बसला. उठताना कानाशी वाकून म्हणाला, "बंद होता बरं." तेरा दिवसांत पहिल्यांदा हसलो मी. काकांनी डोळे वटारले.

मग हातात मोबाईल आले, पत्रं संपली, आणि एके दिवशी कारखान्यात असताना विलासचा फोन.

"म्हादबाच्या किडन्या गेल्या, भावा. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्ह्यायल्यात. डॉक्टर म्हणाला, आता फार दिस न्हाईत. दोन्ही तालमींनी मिळून मॅच ठेवलीया. त्याच्या सन्मानार्थ. तू येणार न्हवं?"

मी गेलो. आणि गावात पाय ठेवल्यापासून जो वैताग सुरू झाला तो काय सांगू. चौकात एवढा मोठा फ्लेक्स की त्यामागं अख्खं मेडिकल दुकान झाकलं गेलेलं. त्यावर अडतीस चेहरे. मी मोजले. गॉगलवाले, फोन कानाला लावलेले, दोघांचे तर हात जोडलेले. म्हादबा कुठाय म्हणून शोधतोय, तर खाली उजव्या कोपऱ्यात रेशन कार्डावरचा वाटावा असा फोटो. समितीच्या बैठकीत दीड तास एकाच गोष्टीवर भांडण: म्हादबाची खुर्ची कुठल्या गॅलरीपुढं ठेवायची. शेवटी ती दोन्ही गॅलऱ्यांपासून सारख्या अंतरावर, पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवायचं ठरलं, तर ती खुर्ची कुणाच्या तालमीतून आणायची यावर पुढचा अर्धा तास. मी म्हणालो, अरे, त्याला विचारा की! सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी काही अमंगळ बोललो.

संध्याकाळी त्याला भेटायला गेलो. दाराबाहेर चपलांची रांग आणि आत कुजबुज. म्हादबा भिंतीला टेकून बसलेला. ते पाय, ज्यांच्यावर मी आयुष्यातलं निम्मं ओरडणं खर्च केलं होतं, सुजून चकचकीत झालेले. माझ्या आधीचा माणूस त्याच्या पायाला हात लावून मागं सरकला. माझी पाळी आली. आणि काय सांगू, बारा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, "कसं आहे, म्हादबा? आराम कर. शांत राहा."

शांतिथी, भाई!

म्हादबानं माझ्याकडं बघितलं. गॅसचं नाव काढलं नाही.

"तू बी त्यांच्यातलाच झालास व्हय?" तो म्हणाला. "दोन महिनं झालं, कोण शिवी दीना झालंय मला. वरची तालीम पाया पडतीया, खालची तालीम पाया पडतीया. चपलासुदिक हळू काढत्यात. अरं, मला ऐकाय येतंय अजून. उद्या ग्राउंडवर न्हेणार हायत. तितं तरी कोणतरी..."

तेवढ्यात वैनी चहा घेऊन आल्या आणि विलासनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "त्यास्नी बोलाय लावायचं न्हाय," तो म्हणाला. "दम लागतो." मी विलासला सांगायला गेलो की म्हादबाला नेमकं काय हवंय, तर त्यानं खिशातून समितीचा बिल्ला काढून माझ्या शर्टाला टोचला. "आणि ऐक. उद्या तू तोंड उघडायचं न्हाय. दोन्ही तालमींचा ठराव हाय. एक शब्द काढलास तर मीच तुला खाली ढकलीन."

त्या रात्री मी पंचगंगेच्या घाटावर जाऊन आवाज काढून बघितला. खोटं कशाला बोलू, घशातून जे निघालं त्यानं घाटावरचं कुत्रंसुद्धा उठलं नाही. ठराव मोडायची हिंमत आहे का हा पुढचा प्रश्न होता. मोडायला माझ्याकडं आवाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम खचाखच. म्हादबाला चौघांनी खुर्चीसकट उचलून मैदानात आणलं, पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवलं, सुजल्या पायांत कसेबसे चढवलेले बूट, पायाशी बॉल. ठरलं असं होतं की त्यानं बसल्या बसल्या बॉलला पाय लावायचा, बॉल जाळ्यात जाईल, टाळ्या, मग सामना. आमच्या गोलकीपरला आधीच पोस्टला टेकून हात जोडून उभं राहायला सांगितलं होतं. मग शाली. नऊ शाली, उन्हाळ्यात. मग नारळ. मग एक पुढारी आला आणि त्यानं म्हादबाच्या कारकिर्दीबद्दल बोलताना त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोलकीपर म्हटलं. मी बिल्ल्याची पिन मुठीत दाबून धरली.

आणि मग माईक घेतला आमच्या निवेदकानं. हा भला माणूस गेली वीस वर्षं सामन्याच्या आधी याच मैदानावर एकच महत्त्वाचं काम करतो. पेठेत कुणी वारलं की श्रद्धांजली वाहायची. जीभ त्याच वळणाची. श्रद्धांजलीच्याच सुरात त्यानं म्हादबाचं नाव घेतलं, फुटबॉलची सेवा म्हणाला, आणि सवयीनं पुढचं वाक्य येऊन गेलं, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया."

सगळं स्टेडियम उभं राहिलं!

पुढच्याच क्षणी प्रत्येकाला कळलं की काय झालंय. निवेदकाला तर सगळ्यात आधी. त्यानं माईक पाठीमागं लपवला. पण बसायचं कसं? पहिला कोण बसणार? बसलं तर अपमान, उभं राहिलं तर माणूस जिवंतपणी गेला. कोल्हापूरकर मरण पत्करेल पण सगळ्यांच्या आधी खाली बसणार नाही. दोन्ही गॅलऱ्या ताठ, मान खाली. पुढाऱ्यानं टोपी काढलेली. मैदानात खुर्चीत एकटा म्हादबा बसलेला, नऊ शालींच्या ढिगात, स्वतःसाठी पाळलेली शांतता ऐकत.

त्यानं मान वळवली. आमच्या गॅलरीकडं. एका हातानं शाली बाजूला केल्या, दुसरा हात सावकाश वर आला, आणि कानामागं गेला.

माझ्या शेजारून विलास दातांत म्हणाला, "न्हाय हं. ठराव झालाय."

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. नंतर काहीतरी फाटलं, आणि जे बाहेर पडलं ते माझं होतं की आबांच्या सौद्यातलं, मला आजही ठाऊक नाही.

"म्हादबाऽऽऽ! लेका, सारं गाव उभं राहिलंय, आता तरी मार की! आणि लवकर घरी जा, गॅस चालू राहिलाय!"

मग वरच्या तालमीच्या गॅलरीतून कुणीतरी किंचाळलं, "ए बोंबल्या, जामनगरची डाळ खाऊन बायकागत वरडायलास व्हय!" आमच्यातला दुसरा ओरडला, त्यांच्यातले दहा ओरडले. पाच मिनिटांत दोन्ही गॅलऱ्यांनी एकमेकांचे आजोबा-पणजोबा बाहेर काढले. पुढाऱ्यानं टोपी घातली. विलासनं माझ्याकडं बघितलं, मला ढकलायला हात वर केला, आणि तोच हात तोंडाशी धरून ओरडायला लागला, "म्हादबा, लेस बांधलीस काय? का मी यिऊ बांधायला?"

म्हादबा हसत होता. त्याचे खांदे शालींसकट हलताना दिसत होते. मग त्यानं आमच्या गोलकीपरकडं बोट केलं आणि काहीतरी म्हणाला. खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या पोरानं ते नंतर सांगितलं: "हात काय जोडतोस? मी देव हाय काय? जाळ्यात उभा ऱ्हा. रिकाम्या घरात शिरणारा चोर न्हाय मी."

गोलकीपर जाळ्यात उभा राहिला. म्हादबानं सावकाश वाकून लेस सोडली. बांधता येईना, बोटं सुजलेली. स्टेडियमभर त्याच्या लेसवर शिव्यांचा पाऊस. त्यानं ती तशीच सोडली आणि पाय लावला. बॉल सुस्त कुत्र्यासारखा घरंगळत गेला. आमचा गोलकीपर डाव्या बाजूला, बॉलपासून चांगला दोन हात लांब, पूर्ण अंगानं झेपावला. बॉल रेषेपलीकडं जाऊन थांबला. म्हादबानं पुन्हा कानामागं हात धरला, आणि या वेळी आम्ही कुणी गप्प बसलो नाही.

मला अठ्ठेचाळीस तास ओरडता आलं नाही, नुसत्या घोगऱ्या आवाजात बोलत होतो. समितीनं माझा बिल्ला काढून घेतला. निघायच्या दिवशी म्हादबाकडं गेलो तर तो डायलिसिसला निघालेला, रिक्षात बसलेला. मला बघून म्हणाला, "जामनगरात गॅस बंद करून आलायस न्हवं?" आणि रिक्षा गेली. स्टँडवर येईपर्यंत मला खरोखरच शंका यायला लागली. म्हणून सुमनला फोन लावला, गॅस बंद आहे का गं? ती भडकली. "मी घरात आहे, पोरं जेवायला बसलीत, भाकऱ्या टाकायलेय. चालूच असणार की!"

एसटीत बसून मी तिच्या उत्तराचा विचार करत होतो. बारा वर्षं मी पेठेला घर म्हणत आलो आणि जामनगरला मुक्काम. आता बघा, शेगडी पेटलेली आहे तिकडं, आणि माझा आवाज आहे इकडं. तुम्ही पेठेत राहिलेले म्हणाल, हा बोंबल्या तिकडचाच झाला. तिकडचे म्हणतात, भाई, धीरे. मी काय करू? ज्या गावात मोठ्यानं बोललं तरी कुणी पळत येत नाही, उलट शिवी परत येते, ते माझं गाव. आणि ज्या घरात मी न विचारताच गॅस चालू असतो, ते माझं घर. या दोन्हींत हजार-बाराशे किलोमीटर अंतर पडलं, त्याला कुणाला शिव्या द्यायच्या?

महिनाभरानं विलासचा फोन आला. दुपारची वेळ, लेथ चालू. त्यानं पुढचं सांगायच्या आधीच मला कळलं की म्हादबा गेला, कारण विलास हळू आवाजात बोलत होता.

शेठना सांगितलं नाही, तसाच घरी आलो. सुमन स्वयंपाकघरात, शेगडीवर आमटी. मी चपला काढल्या, आत गेलो आणि गॅस बंद केला.

"अहो, शिजायचीय अजून. काय झालं?"

खिडकी उघडी होती, समोर जामनगरची शांत गल्ली, एक गाय, दोन स्कूटर. मी खिडकीशी गेलो आणि आबांनी शिकवलेल्या आवाजात, भिंती पडल्या तर पडू देत म्हणून, ओरडलो,

"म्हादबाऽऽऽ! बंद केलाय रे! मार आता बिनघोर!"